आधी नोंदणी, मग नोकरी, मग व्हिसा



बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचे पालक येऊ लागतात. पूर्वी विचारायचे, "आपा, पोरीला डी.एड. करू की नर्सिंग?" आता मुली नीट देतात, एमबीबीएसचा आकडा थोडक्यात हुकतो आणि फिजिओथेरपीला प्रवेश घेतात. चार वर्षांचा अभ्यास, वर सहा महिने इंटर्नशिप. आपल्या विद्यापीठाच्या पदवीला बी.पी.टीएच. म्हणतात. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकीच पाच-सहा जणी या वाटेने गेल्या आहेत. शिकून बाहेर पडल्या की इथल्या दवाखान्यात हातावर ठेवला जाणारा पगार बघून घरात बोलणं सुरू होतं, बाहेरदेशी काही जमेल का? आणि पहिला प्रश्न ठरलेला: व्हिसा कसा मिळतो, किती लागतात?

हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जातो, आणि तिथेच एजंटाचं दुकान चालतं. फिजिओथेरपिस्टच्या बाबतीत व्हिसा ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे त्या देशातल्या कौन्सिलची नोंदणी. दुसरी, नोंदणीच्या जोरावर मिळालेली नोकरी. नोकरी देणारा स्पॉन्सर झाला की व्हिसाचा अर्ज भरायचा, आणि तो भरणं फारसं अवघड काम नाही. अवघड जे आहे ते पहिल्या पायरीवर आहे, आणि ते कुठल्याही एजंटाला पैसे देऊन होत नाही. ते मुलीला स्वतःलाच करावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. मुलगी फिजिओ झालेली, मुंबईतल्या एका क्लिनिकमध्ये दीड वर्ष नोकरी. एजंटाने इंग्लंडच्या "हेल्थकेअर व्हिसा"चे नऊ लाख सांगितले होते. एक लाख फाइल चार्ज देऊन झालं होतं, बाकीच्यासाठी बायकोच्या बांगड्या आणि एक गुंठा जागा काढायचा विचार चालू होता. "वर्षाला तीस लाख पगार आहे आपा, सहा महिन्यांत फिटेल." फाइलमधलं पत्र मी वाचलं. नोकरीचं नाव होतं केअर असिस्टंट. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, जेवू घालणं, उठवणं-बसवणं. हे काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही, आईवडिलांची सेवा करणाऱ्याला त्याची किंमत माहीत असते. पण ते फिजिओथेरपिस्टचं काम नव्हे. त्याहून मोठी गोष्ट अशी की, परदेशातून केअर वर्करची नवी भरती ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. जो दरवाजा भिंत घालून बुजवला, त्याची चावी नऊ लाखांना विकली जात होती. त्या गृहस्थांचे आठ लाख वाचले. एक लाख गेले ते गेले.

म्हणून या वेळी ब्रिटनचे नियम जरा सविस्तर लिहिते. आखाताकडेही नंतर वळू, कारण आपल्याकडे निम्म्या घरांचं तिकडे जाणं-येणं आहे.

ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, थोडक्यात एच.सी.पी.सी., या संस्थेच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय कोणालाही स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. फिजिकल थेरपिस्टही म्हणता येत नाही. हे रजिस्टर सगळ्यांना ऑनलाइन पाहता येतं. इथल्या पदवीवर थेट अर्ज करता येतो, त्यासाठी तिकडे जाऊन पुन्हा शिकावंच लागतं असं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच घरांत अशी समजूत आहे.

अर्जात काय बघतात? तुमची पदवी मोठ्या कॉलेजची की लहान, हे नाही. अभ्यासात काय शिकवलं आणि रुग्णांवर प्रत्यक्ष काय काम केलं, ते त्यांच्या ठरलेल्या मापाशी लावून बघतात. हाडं-स्नायू, मेंदू-मज्जासंस्था आणि हृदय-फुफ्फुसं या तिन्ही विभागांत काम केलेलं दिसावं लागतं. इथेच आपल्या मुली अडकतात. पदवीनंतर दोन वर्षं एकाच क्लिनिकमध्ये कंबरदुखी आणि गुडघेदुखीचे पेशंट केले, शेक दिला, मशीन लावलं, व्यायाम शिकवला. आयसीयूतल्या पेशंटच्या छातीतला कफ सोडवण्याचं काम इंटर्नशिपनंतर पाहिलेलंही नाही. मग अर्ज लिहिताना हात थांबतो. तपासणीत कमतरता आढळली तर ते आणखी पुरावे मागतात, परीक्षा घेऊ शकतात, किंवा तिकडे देखरेखीखाली काही काळ काम करून ती भरून काढायला सांगतात. सरळ नकारही येतो. अर्जाचं शुल्क पाचशे पौंडांच्या वर आहे आणि नकार आला तरी परत मिळत नाही. त्यामुळे अर्ज घाईने टाकू नये. इंटर्नशिप संपल्यावर पहिली नोकरी शक्यतो हॉस्पिटलची धरावी, क्लिनिकची नंतर. पगार कमी असला तरी. घरच्यांनी या एका गोष्टीत मुलीला साथ द्यावी, कारण हॉस्पिटलला शिफ्ट असते आणि "संध्याकाळी सातच्या आत घरी" हा नियम तिथे चालत नाही.

इंग्रजीचं माप आयईएलटीएसमध्ये एकूण ७, आणि लिहिणं, वाचणं, ऐकणं, बोलणं यांपैकी कशातही साडेसहाच्या खाली नाही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुली हा आकडा ऐकून खचतात. खचण्याचं कारण नाही, पण दोन महिन्यांच्या क्लासने होईल असं मानू नये. बोलणं लवकर येतं, लिहिणं छळतं. रोज एक पान इंग्रजीत लिहून कोणाकडून तरी तपासून घेणं, हे मी वर्षभर आधीपासून करायला सांगते. एक बारकावा असा आहे की कौन्सिलची इंग्रजीची अट वेगळी आणि व्हिसाची वेगळी. डॉक्टर आणि नर्स यांना कौन्सिलची इंग्रजी परीक्षा व्हिसालाही चालते, फिजिओला ती सवलत नाही. व्हिसासाठी परीक्षा दाखवायची तर ती सरकारमान्य केंद्रावर दिलेलीच लागते, म्हणून आयईएलटीएस देताना "यूकेव्हीआय" प्रकारची द्यावी. नाहीतर त्याच परीक्षेचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात. जानेवारी २०२६ पासून व्हिसाची इंग्रजीची पातळीही वाढवली आहे. पण कौन्सिलचं ७ चं माप तिच्या वर असल्याने फिजिओला त्याची वेगळी चिंता नाही.

नोंदणी हातात आली की नोकरी. सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एन.एच.एस.च्या जागा त्यांच्या संकेतस्थळावर उघड जाहीर होतात, अर्ज फुकट असतो, मुलाखत बहुतेक वेळा व्हिडिओवर होते. नव्या फिजिओला बँड ५ म्हणतात त्या श्रेणीत घेतात. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साली या श्रेणीची सुरुवात वर्षाला सुमारे एकतीस हजार पौंडांवर होती. एजंट हे आकडे रुपयांत गुणून दाखवतो आणि पस्तीस लाख ऐकून अब्बांचे डोळे विस्फारतात. गुणाकार बरोबर आहे, वजाबाकी कोणी दाखवत नाही. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापून महिन्याला हातात दोन हजार पौंडांच्या आसपास येतात. त्यातून खोलीचं भाडं, बसभाडं, खाणं, हिवाळ्यातलं हीटिंग. लंडनच्या बाहेर राहणारी, काटकसरी मुलगी घरी चांगली रक्कम पाठवू शकते. पण पहिल्या सहा महिन्यांत नऊ लाख फेडू शकत नाही.

आणखी एक गोष्ट लपवून उपयोग नाही. सध्या तिकडच्याच कॉलेजांतून बाहेर पडलेल्या नव्या फिजिओंना पहिली जागा मिळायला त्रास होतो आहे. रुग्णांना गरज नाही असं नाही, हॉस्पिटलांकडे जागा भरायला पैसा कमी आहे. अशा वेळी ज्याला स्पॉन्सर करावं लागत नाही त्याला आधी घेतात. दोन-तीन वर्षांचा हॉस्पिटलचा पक्का अनुभव असेल तर निभाव लागतो. इंटर्नशिप संपली आणि बॅग भरली, असं आता होत नाही.

आता स्पॉन्सर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक या शब्दाभोवती फिरते. परदेशी माणूस नोकरीवर ठेवायला तिकडच्या हॉस्पिटलकडे किंवा कंपनीकडे सरकारी परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आहे, फुकट आहे, मोबाइलवर उघडते. नोकरी पक्की झाली की मालक मुलीच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतो. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो शिक्का मारलेला कागद नसतो. सरकारी यंत्रणेत तयार होणारी ती नोंद असते आणि मुलीला तिचा क्रमांक मिळतो. तीन महिन्यांच्या आत त्यावर व्हिसाचा अर्ज करायचा. या नोंदीची फी मालकाने भरायची असते. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर ती नोकरदाराकडून वसूल करायलाच बंदी आहे, आणि परदेशी माणूस ठेवण्याबद्दल मालकाला जो वेगळा आकार भरावा लागतो तोही त्याने स्वतःच सोसायचा. मग कोणी "सीओएसचे पाच लाख" म्हणाला तर तो काय विकतो आहे? एक तर खोटा क्रमांक, नाहीतर खरा क्रमांक पण खोटी नोकरी.

दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट. खोट्या क्रमांकाला व्हिसाच मिळत नाही, निदान माणूस घरी राहतो. खऱ्या क्रमांकावर माणूस तिथे पोहोचतो आणि काम नसतं. केअरच्या क्षेत्रात हे गेल्या तीन-चार वर्षांत पुष्कळ झालं. कंपनीचा परवाना सरकारने रद्द केला की तिथल्या कामगारांना साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. कर्ज काढून गेलेली माणसं परक्या देशात दारोदार फिरली. फिजिओचा व्हिसाही मालकाला बांधलेला असतो, नोकरी सुटली तर साठ दिवसांचा हिशेब तिलाही लागू आहे. फरक एवढा की जिच्याकडे कौन्सिलची नोंदणी आहे तिला दुसरं हॉस्पिटल घेऊ शकतं. ती नोंदणी कोणी काढून घेत नाही.

"आधी असिस्टंट म्हणून जाऊ द्या, तिकडे गेल्यावर फिजिओ होईल," हेही फार ऐकू येतं. जुलै २०२५ नंतर मोजके अपवाद सोडले तर पदवी पातळीच्या कामांवरच नवा माणूस बाहेरून नेता येतो. फिजिओथेरपिस्ट त्या यादीत बसतो, असिस्टंट बसत नाही.

व्हिसाचं नाव हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. तो २०२० साली सुरू झाला. बाकीच्या कामांवर जाणाऱ्यांना माणशी दरवर्षी १०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, या व्हिसाला तो माफ आहे; कुटुंबालाही माफ आहे. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी तीनशे पौंडांच्या आसपास. खात्यात १२७० पौंड सलग २८ दिवस ठेवलेले दाखवावे लागतात. मालकाने पहिल्या महिन्याची जबाबदारी घेतली तर तेही नको. टीबीची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रात करायची, पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसमधून काढायचं. नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खर्च, हे सगळं धरूनही हिशेब नऊ लाखांच्या जवळपास जात नाही. हवं तर कागदावर मांडून बघा.

कुटुंबाचं म्हणाल तर केअर वर्करला ११ मार्च २०२४ पासून नवरा-बायको, मुलं सोबत नेता येत नाहीत. फिजिओला नेता येतात. ही गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे, कारण मुलीचा व्हिसा आणि मुलीचं लग्न हे विषय एकाच दिवाणखान्यात, बहुतेक वेळा एकाच आठवड्यात निघतात. नवरा तिच्या व्हिसावर जाऊ शकतो आणि तिथे नोकरीही करू शकतो. त्यासाठी नुसता निकाहनामा घेऊन बसू नका. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत लग्नाची नोंद करून विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा. निकाहनामा उर्दूत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही सोबत ठेवा. आणि कागदपत्रांची मालिका अर्धी झालेली असताना निकाहनंतर मुलीचं नाव बदलू नका. पदवी वडिलांच्या नावाने, नोंदणी वडिलांच्या नावाने, पासपोर्ट नवऱ्याच्या नावाने, असं झालं की प्रत्येक टेबलावर खुलासा देत बसावं लागतं. नाव तेच राहिलं म्हणून निकाहला काही उणेपणा येत नाही, हे सासरच्या मंडळींनाही कोणीतरी समजावून सांगायला हवं.

नावावरून आठवलं, म्हणून थोडं शाळेतलं बोलते. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये एकेका मुलाच्या नावाच्या ज्या तऱ्हा असतात त्या बघितल्या तर परदेशातला कारकून काय करत असेल याची कल्पना येते. मोहम्मद हा एकच शब्द इंग्रजीत पाच प्रकारे लिहिला जातो. कुठे नुसतं "एम.डी." लिहितात आणि बाहेर तो माणूस वैद्यकशास्त्राचा एम.डी. ठरतो. शेख आधी की शेवटी, वडिलांचं नाव मध्ये की आडनावाच्या जागी, बेगम आणि बानो हा नावाचा भाग की नाही, याचा घरातच एकमेळ नसतो. दाखला एक सांगतो, आधार दुसरं, पासपोर्ट तिसरं. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती त्यामानाने सोपी असते. शाळा सुटल्यावर गॅझेट, प्रतिज्ञापत्र, बोर्डाच्या फेऱ्या. म्हणून दहावीचा फॉर्म भरायच्या आधी एकदा शाळेत येऊन मुलाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांनी बघून जा. आणि पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टला अमिरातीने २०२२ पासून व्हिजिट व्हिसावर अडवायला सुरुवात केली, तेव्हा किती जणांची तिकिटं वाया गेली असतील!

ब्रिटनला जाण्याची दुसरी वाट शिक्षणाची. एजंट म्हणतो एम.एस्सी. करा, मग नोकरी हमखास. इथे फसवणूक नसते, पण गल्लत असते. तिकडे फिजिओथेरपीच्या दोन प्रकारच्या एम.एस्सी. आहेत. एक नोंदणीपूर्व, जिने कौन्सिलच्या रजिस्टरवर जाता येतं. दुसरी "ॲडव्हान्स्ड" वगैरे नावाची, जी आधीच फिजिओ असलेल्यांसाठी असते आणि जिच्यामुळे नोंदणी मिळत नाही. आपल्या मुली बहुतेक दुसरीला जातात, पंधरा-वीस हजार पौंड फी भरतात आणि कोर्स संपल्यावर त्यांना कळतं की नोंदणीचा अर्ज इथल्याच पदवीवर करायचा होता, जो घरी बसूनही करता आला असता. कोर्सचं नाव कौन्सिलच्या मान्य यादीत आहे का, एवढंच फी भरण्याआधी पाहायचं असतं. शिक्षणानंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळतात, ती १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्ष होणार आहेत. आणि २०२४ पासून शिकवणीच्या एम.एस्सी.ला जाणाऱ्याला कुटुंब सोबत नेता येत नाही.

पाच वर्षांनी कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो, हा आजवरचा नियम. तो दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव तिकडच्या सरकारने २०२५ साली मांडला आहे. "पाच वर्षांत नागरिक" असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर तो जुन्या जाहिराती वाचतो आहे.

आता आखात. दुबई, अबुधाबी, सौदी, कतार, ओमान, प्रत्येकाचं आरोग्य खातं वेगळं, परवाना वेगळा. पण रस्ता साधारण एकच: पदवी, राज्य कौन्सिलची नोंदणी आणि अनुभवाचा दाखला यांची डेटाफ्लोकडून तपासणी, बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिकच्या केंद्रावर संगणकावरची परीक्षा, मग परवान्याची पात्रता, मग नोकरी आणि मालकाकडून व्हिसा. इथेही नोंदणी आधी. आपल्याकडच्या मुलींनी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी वेळेवर केलेली आणि नूतनीकरण केलेली असली पाहिजे. ती मुदतबाह्य असेल तर पुढचं सगळं लटकतं.

डेटाफ्लो म्हणजे काय, तर तुमचा कागद ते तुमच्याकडून घेतात आणि ज्याने दिला त्याला थेट विचारतात. विद्यापीठाला विचारतात, हॉस्पिटलला विचारतात. आणि आपल्याकडे काय चालतं? ओळखीच्या डॉक्टरकडून दोन वर्षांचा अनुभवाचा दाखला. "लेटरहेड दिलंय, फोन आला तर हो म्हणेन." पगाराची नोंद नाही, हजेरी नाही, कधी कधी त्या तारखांना मुलगी दुसऱ्या शहरात शिकत होती. तपासणीत हे उघडं पडलं की निगेटिव्ह रिपोर्ट लागतो, आणि एका देशाच्या दारात लागलेला तो रिपोर्ट शेजारच्या देशाच्या दारातही आडवा येतो. चार वर्षं रात्री जागून मिळवलेली पदवी एका खोट्या कागदापायी वाया जाते. खोटा दाखला देणाऱ्याचं काही बिघडत नाही. म्हणून जिथे काम करता तिथे नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या, सोडताना तारखांसह दाखला घ्या. लहान क्लिनिकवाले टाळाटाळ करतात. तरी मागा.

परीक्षेच्या प्रश्नांचे "डम्प" मोबाइलवर विकत मिळतात, त्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. अमेरिकेत फिजिओच्या परवान्याची एक राष्ट्रीय परीक्षा असते. तिचे प्रश्न बाहेर फुटतात असं लक्षात आल्यावर २०१० साली परीक्षा घेणाऱ्या संस्थेने भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त या चार देशांतल्या कॉलेजांच्या पदवीधरांना नेहमीची परीक्षा देणं थांबवलं आणि त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा ठेवली. ज्यांनी प्रश्न विकत घेतले ते घेऊन गेले. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता त्या आपल्या मुलामुलींची वर्षं गेली.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एवढंच: तिथे फिजिओंना ग्रीन कार्डाच्या कामात एक टप्पा माफ आहे, हे खरं. पण भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची आहे, आणि आपली साडेचार वर्षांची पदवी त्यांच्या डॉक्टरेट पातळीच्या मापाला बहुधा कमी पडते. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही आधी पदवीची तपासणी, मग तिथल्या परीक्षा. खर्च मोठा, पण नियम स्पष्ट आणि उघड. ज्याला परवडतं त्याने जरूर बघावं.

एजंट मुळीच नको असं मी म्हणत नाही. आखातात हॉस्पिटलं कधी कधी एजन्सीमार्फतच माणसं घेतात. पण भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, बँकेतून, पावती देऊन. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. शहरात चकचकीत ऑफिस, भिंतीवर लंडनचं घड्याळ आणि टेबलावर आयतुल कुर्सीची फ्रेम, ही नोंदणी नव्हे. आपल्याच जमातीचा आहे, मशिदीत पहिल्या सफमध्ये दिसतो, म्हणून पावती मागायला लाजणारे बाप मी पाहिले आहेत. व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनातच आहे. पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

व्हिजिट व्हिसावर जाऊन "तिकडे गेल्यावर बदलून देऊ" हे कधीही मान्य करू नका. परवाना मिळण्याआधी पेशंटला हात लावला तर तिकडे तो गुन्हा धरला जातो आणि पकडली जाते ती मुलगी. पोहोचल्यावर पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं अमिरातीत आणि सौदीतही कायद्याने मना आहे, मागून घ्यावा. करार अरबीत असतो, सोबत इंग्रजी प्रत असते. सहीआधी पगाराचा आकडा दोन्हीकडे एकच आहे ना, ते घरातल्या कोणीतरी बघावं. अरबी आकडे आपल्या घरात कोणाला ना कोणाला वाचता येतात.

ज्यांची मुलगी आत्ता शेवटच्या वर्षाला किंवा इंटर्नशिपला आहे त्यांच्यासाठी एक काम, जे याच महिन्यात होईल. कॉलेजमधून संपूर्ण अभ्यासक्रमाची प्रत घ्या. कोणत्या विषयाला किती तास, कोणत्या विभागात किती तास क्लिनिकल पोस्टिंग, हे कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. इंटर्नशिपच्या दाखल्यावर हॉस्पिटलचं नाव, विभाग आणि तारखा वेगवेगळ्या लिहून घ्या. आज प्राचार्य ओळखतात, क्लार्क ओळखतो, दोन दिवसांत होतं. तीन वर्षांनी तेच मागायला गेलं की प्राचार्य बदललेले असतात आणि फाइल गोडाऊनमध्ये असते.

नर्सिंगबद्दलची बरीच पत्रं माझ्याकडे साठली आहेत. जर्मनीच्या भाषेच्या अटीसह त्यांची उत्तरं पुढच्या अंकात.